दांड्याची उत्तरपूजा

राजाजीनगरातल्या त्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, तोंडाशी एक लोखंडी दांडा होता. संध्याकाळी मुलं खेळायला उतरली की तो आडवा करायचा आणि दिवेलागणीनंतर उचलायचा, हे काम श्यामलाचं. खरं तर ते तिच्या नवऱ्याचं, विद्याधरचं. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलेला माणूस, निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल तर शपथ. विजेच्या स्कूटरी आवाज न करता मागून अंगावर येऊ लागल्या आणि पार्सल पोचवणाऱ्या एकाने क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचा पाय मोडला, तेव्हा घरोघरी जाऊन, काहींशी भांडून, काहींना पटवून त्याने हा दांडा बसवून घेतला. गेल्या उन्हाळ्यात तो हृदयविकाराने गेला. दांडा राहिला.

श्यामला रडली नाही. म्हैसूरहून आलेल्या नणंदेने दिवसवारातच नावं ठेवली, "बाई आहे की दगड?" श्यामलाला त्याचा रागही आला नाही. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. कुकर लावायचा, कपडे वाळत घालायचे, टीव्ही लावून समोर बसायचं, आणि त्यात काय चाललंय ते कळायचं नाही. दिवसात एकच वेळ अशी होती, की आता काय करायचं हे तिला विचार न करता समजे. संध्याकाळी कुलपाची किल्ली घ्यायची आणि खाली जायचं. तीही वेळ गेली तर मग काहीच उरणार नाही, एवढी एक भीती मात्र तिला वाटे.

आणि नेमका त्या दांड्यावरूनच क्रॉस फुटला. आता निम्म्या घरांनी स्वतःच विजेच्या स्कूटरी घेतल्या होत्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे स्कूटरींनाही लागू पडतं. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी पुण्याची शमिका बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून ट्रॅफिक झेलत यायची, आणि घर समोर दिसत असताना तिला मेन रोडने वळसा घालावा लागायचा. उलट तीन पिढ्या इथेच काढलेल्या सुधींद्र रावांना दांडा दिवसभर आडवा हवा होता. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये कन्नड, मराठी आणि इंग्रजीत यथेच्छ भांडून झालं. शेवटी मतं पडली आणि दसऱ्यानंतर दांडा काढायचं ठरलं.

"काकू, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" शमिकाने मुद्दाम येऊन विचारलं.

"नाही," श्यामला म्हणाली. ते खरं की खोटं, हे तिला स्वतःलाच ठरवता येईना.

खंडेनवमीला सकाळी क्रॉसवर धुतलेल्या स्कूटरी ओळीने उभ्या होत्या. हँडलला केळीची रोपटी बांधलेली, चाकाखाली लिंबं. विद्याधर या दिवशी पाटावर पक्कड, टेस्टर, मीटर मांडून पूजा करायचा आणि मग खाली जाऊन दांड्यालाही हार घालायचा. हेही माझं हत्यारच, म्हणायचा. कोपऱ्यावरच्या फुलवालीने सवयीने शेवंतीचे दोन हार बांधून दिले, श्यामलाने सवयीने घेतले. तिने दांड्याला हार घातला, हळदकुंकू लावलं. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत सण करायचा नसतो, हे तिला आठवलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

सुधींद्र रावांनी गच्चीवरून ते पाहिलं आणि लगबगीने खाली आले. "अक्का, पूजा केलीत? सरी, बरं झालं. मग विषयच संपला. पूजलेली वस्तू उपटायची नसते."

दुपारपर्यंत क्रॉसभर झालं, श्यामलाबाईंनी बाजू घेतली. काही घरांनी तिला सोनपापडी आणून दिली, काहींनी तोंड फिरवलं. शमिका दारातच उभी राहिली. "काकू, वाईट वाटणार नाही म्हणालात ना मला? मग हे काय? आता त्याला कोणी हात लावणार नाही."

हात आपोआप गेला गं, एवढंच सांगायचं होतं. पण श्यामला गप्प राहिली. गप्प राहिलं तर संध्याकाळ वाचत होती.

त्या संध्याकाळी तिने हारासकट दांडा आडवा केला. थोड्या वेळाने पलीकडे शमिका आली. तिची बॅटरी संपली होती. तिने काही मागितलं नाही, खाली उतरली आणि स्कूटर ढकलत मेन रोडकडे वळली. विद्याधर असता तर त्याने दांडा उचलून तिला आत घेतलं असतं, आणि वर बॅटरी कशी जपावी यावर भाषणही दिलं असतं. श्यामला किल्ली हातात धरून नुसती उभी राहिली.

दसऱ्याच्या सकाळी ती सुधींद्र रावांच्या दारात गेली. "राव, गणपतीचीही आपण पूजा करतो आणि उत्तरपूजा करून निरोपही देतो. तशी याची करते." शास्त्रच पुढे आल्यावर रावांनी पायात चपला सरकवल्या. ते मागोमाग खाली आले. शमिकाही आली.

श्यामलाने हळदकुंकू वाहिलं, मुठीत अक्षता घेतल्या. आता अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हणायचं, आणि मूर्ती हलवतात तसा दांडा जागचा हलवायचा, की झालं. पुन्हा या, म्हणायचं. लहानपणापासून दर गणपतीला म्हटलेले शब्द तिच्या ओठांशी आले आणि तिथेच थांबले. कोणाला म्हणायचं ते? अक्षता हातातून खाली सांडल्या. तिच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचाच, इतके महिने न आलेला, आणि तो तिला आवरेना.

शमिकाने पुढे होऊन दांड्याला हात घातला. श्यामलाने तिचा हात बाजूला केला. डोळ्यांना दिसत नव्हतं, कुलूप चाचपडावं लागलं. दांडा मात्र तिने रडत रडत एकटीनेच जागचा उचलून काढला.