पायातली पट्टी आणि आत्याबाईंचा अंगारा

धारोष्ण दूध प्यायला गेल्यावर म्हशीच्या मागं उभं राहू नये, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. मी शाळेत शास्त्र शिकवत होतो, त्यामुळं मला कळलं नाही. म्हशीनं लाथसुद्धा मारली नाही, नुसता पाय झाडला. पेला सांभाळत मी मागं सरकलो तो थेट कट्ट्यावरून खाली. दूध सांडलं नाही, असं गवळी पुढं कौतुकानं सांगायचा. नडगीचे दोन तुकडे झाले, हे सांगायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. ऑपरेशन करून हाडावर पोलादी पट्टी बसवायची, हे नवलच होतं. बघायला अख्खी गल्ली दवाखान्यात लोटली. आल्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. कुणी ‘बघू की जरा’ म्हटलं की मी बँडेजची कड उचलून टाके दाखवायचो, नवं घर बांधलेला माणूस जिना दाखवतो तसे. पट्टी लागते का, म्हणून काही जण बोटानं चाचपूनही बघायचे.

मग ताप भरला. टाक्यांच्या कडा लाल झाल्या, पू वाहू लागला. डॉक्टर माझ्याशी नाही, बायकोशी बोलले. जखमेत घाण गेली आहे, पेनिसिलीन देतोच आहोत. पण हाडापर्यंत पोचली, तर पाय ठेवता येणार नाही.

त्या दिवसापासून बायको खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसली. पाहुण्यांनी दारातूनच विचारपूस करायची. माझे हातसुद्धा तिला दिसतील असे पांघरुणावर.

अशात नेसरीहून आत्या आली. मला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. तिच्या शब्दाबाहेर माझे वडीलही जात नसत, आणि बायको तर तिच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आत्यानं गावदेवीचा अंगारा आणला होता आणि जखमेवर बांधायला वाटलेला पाला. ती पायाकडं वळली. बायको उठली, वाकून नमस्कार केला आणि वाट अडवून उभी राहिली.

“आत्याबाई, अंगारा कपाळाला लावा. जखमेला कुणाचा हात लागणार न्हाय. तुमचाबी न्हाय.”

मी शूरपणे डोळे मिटून घेतले.

मग कपाळावर अंगठा टेकल्याचं जाणवलं. डोळे उघडले, तर आत्या स्टूल उचलून दाराकडं निघाली होती. संध्याकाळी तिथून तिचा आवाज वॉर्डभर घुमत होता, “पावणं, तितनंच बघा. आत आमची सून हाय.”

पू हळूहळू आटला. हाड सांधलं. पुढं पट्टी काढली, ती डॉक्टरांनी मलाच दिली. आजही घरी कुणी आलं की मी ती कपाटातून काढतो आणि बायको कशी उभी राहिली ते सांगतो. दर वेळी आत्या थोडी उंच होते. अलीकडं तिच्या मागं निम्मी नेसरी असते. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असते. परवा पाहुणे गेल्यावर ती म्हणाली,

“सगळ्यांना दाखवून झाली. आता पाय धड हायेत तोवर त्या गवळ्याच्या म्हशीलाबी दाखवून या. उभं मात्र तोंडाकडनं राहा.”