कोरडी चादर

कुठल्याही घरी गेले की मी आधी चहा मागते. लाज सोडून मागते. लोक म्हणत असतील, बाई भारीच चहाबाज दिसतेय. म्हणू देत. चहा कोण टाकतं, किती कप टाकतं, खाटेवरच्या म्हातारीला विचारतं की नाही, तिचा कप सगळ्यांसारखा की दांडी तुटलेला वेगळा, हे मला तेवढ्यात दिसून जातं. तोंडाने माणूस काहीही बोलेल. पेणच्या आमच्या छोट्या संस्थेत माझं काम हेच. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाचे हाल होतायत असं कानावर आलं की जाऊन बघायचं आणि ते थांबवायचं. स्वभाव मुळातच संशयी. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "ही देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाईल." खाईन! आंबलेला निघाला तर?

रोह्याजवळच्या वरस्याहून एका बाईचा फोन आला. "मॅडम, आमचा पुतण्या आईला कुलूप लावून कामाला जातो. म्हातारीचं काय खरं नाय. तुम्ही या आणि तिला घेऊनच जा." ते 'घेऊनच जा' तेव्हा मी कानाआड केलं. डोक्यात राहिलं ते कुलूप.

दुसऱ्या दिवशी रोह्याची एसटी धरली. गडबपर्यंत उभीच होते, आणि उभ्या उभ्या मनात त्या मुलाची उलटतपासणी चालली होती. फोनवर कळलं होतं तेवढं मला पुरे होतं. चाळिशीचा, बिनलग्नाचा, धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा. आई ऐंशीच्या पुढची. तिचं माहेर आमच्या पेणच्या खाडीकडचं, लग्नाआधी मिठागरात राबलेली बाई. घरात ही दोघंच. हा पितो आणि आईला मारतो, असं मी नागोठणं यायच्या आत ठरवूनही टाकलं.

फोन करणारी बाई म्हणजे म्हातारीची धाकटी जाऊ. साठीची, अंगणापलीकडच्या घरात राहणारी. मला बसवलं, पंखा लावला, कोकमाचं सरबत दिलं. "दुपारी मीच कुलूप उघडते हो. मीच चार घास भरवते. नायतर तिला हाय कोण?" असं म्हणत तिने कमरेची चावी काढून दाखवली. किती करते बिचारी, असं माझ्या मनात आलं. माझ्या मनात! सरबत गोड होतं, दुसरं काय.

तिनेच कुलूप उघडलं. खोली स्वच्छ. खिडकीशी खाट, खाटेवर पांढरी चादर, एक डाग नाही. म्हातारीचे ओठ मात्र भेगाळलेले, आणि जीभ उन्हात विसरलेल्या पापडासारखी. पाण्याचा तांब्या समोरच्या फळीवर होता, खाटेवरून हात पोचणार नाही असा. जाऊ तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "पेणच्या मॅडम आल्यात गो! पेणच्या!"

मला वाटलं, बरं झालं. म्हातारीला माहेरचं कुत्रं दिसलं तरी भरून येतं. मीही पुढे सरकले. म्हटलं, "हो आजी, मी पेणचीच. तुमच्या माहेरची." तर तिने हात गोधडीत ओढून घेतला. चहा घेऊया का म्हटलं, तर मान हलवली. "नको गो बाय. मना चाय नको."

आधी मिठागराच्या उन्हात आणि मग जन्मभर भाताच्या खाचरात काम केलेली बाई चहाला नाही म्हणते? आमच्याकडे माणूस एक वेळ जेवणाला नाही म्हणेल. ही घाबरली होती, आणि कुणाला ते मला ठाऊक होतंच. म्हटलं, येऊ दे त्याला.

तो साडेतीननंतर आला. डोळे लालभडक. घ्या, टाकून आलाय! मी उगीच काहीतरी विचारायच्या निमित्ताने जवळ गेले आणि वास घेतला. कंपनीचा तो नेहमीचा उग्र दर्प होता, दारूचा नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं. "डबल शिफ्ट केली मॅडम," तो म्हणाला. "माझ्या जागेवरचा रिलीव्हर आलाच नाय."

"आणि कुलूप?"

"आये दोनदा रस्त्यावर निघून गेली. एकदा ट्रकखाली येता येता वाचली. काकीकडे चावी दिलेली हाय ना. दुपारचं काकी बघते."

मी न मागताच त्याने चहा ठेवला. सगळ्यांना सारखे कप. आईचा चहा बशीत ओतला, फुंकर मारून तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवलं. काकी दारात पदराने वारा घेत उभी होती.

"बघताय ना," तो बशी तशीच धरून म्हणाला. "आधी उठल्यापासून चाय चाय करायची. आता महिना झाला, तोंड लावत नाय. पाणी पण घोटभर, जबरदस्तीने. डॉक्टर म्हणतात पाणी पाज, नायतर किडनी जाईल, मग आम्ही काय करू शकणार नाय. कसा पाजू? नाक दाबू काय तिचं?" त्याचा आवाज चिरकला. मला काही फारसा पाझर फुटला नाही. रडायला काय, कुणालाही येतं. पण पाणी कुठंतरी मुरत होतं एवढं खरं, आणि ते या बशीपाशी नव्हतं.

अशा वेळी मी सगळ्यांना बाहेर काढते. मुलगा मुकाट्याने गेला. काकी जाईना. "तिला ऐकू नाय येत हो, मी सांगते ना तुम्हाला," म्हणाली. मी म्हटलं, "मला मोठ्याने बोलता येतं." तिच्या मागे दार लावून घेतलं.

मी खाटेवर टेकले. म्हातारीनेच तोंड उघडलं.

"गारी कुठं उभी हाय?"

"कसली गाडी, आजी?"

"पेनची. मना आश्रमात न्यायला आल्यास ना तू?"

मी काही बोलायच्या आत तिने माझं मनगट पकडलं. त्या काटकुळ्या बोटांत कुठून जोर आला कोण जाणे. माझा हात ओढून तिने स्वतःच्या अंगाखाली चादरीवर दाबला. "बग. हात लाव. सुकी हाय. सगली सुकी हाय. मी पानी नाय पिली. सकालधरना नाय पिली. मना पोराकडं राहू दे गो बाय."

"चादर भिजली तर नेतील, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

तिने खिडकीतून अंगणापलीकडच्या घराकडे बघितलं आणि परत गोधडी ओढली.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. आणि म्हणे माझी नजर तीक्ष्ण! चोराच्या उलट्या बोंबा, आणि मी सरबत पिऊन त्या ऐकत बसले होते. वर 'मी पेणचीच' म्हणून त्या जिवाला आणखी भिववलं होतं.

बाहेर आले आणि मुलासमोरच काकीला धरलं. "हिला पाणी कोण देत नाही? पेणच्या आश्रमात टाकतील म्हणून कोण सांगतं?" ती आधी उसळली. मी काय वैरीण हाय काय, देवाशपथ, वगैरे वगैरे. मी दारातून फळीवरचा तांब्या दाखवला. मग ती ओट्यावर मटकन बसली.

"माझी कंबर गेली हो चादरी पिळून पिळून. दिवसाला तीन-तीन. पाणी दिलंच नाय तर भिजणार कुठून? आणि भीती घातली की गप पडते. तुम्ही एकदा नेली असती तर सुटले असते, तीपण आणि मीपण."

"मग याला सांगायचं, नाही जमत म्हणून!"

"नाय कशी म्हणू?" ती माझ्यावरच ओरडली. "थोरली जाऊ हाय माझी! गाव काय म्हणेल?"

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "काकी, मला एकदा बोलली असतीस," एवढंच म्हणाला आणि हात पुढे केला. तिने चावी त्याच्या हातावर ठेवली. मी तिला स्वच्छ सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला तहानलेलं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि पुन्हा असं झालं तर मी पोलिसांना घेऊन येईन. कंबर दुखते याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तांब्या हात पोचणार नाही असा ठेवायला कंबर लागत नाही. ते मी अजून विसरलेले नाही, आणि त्या बाईवर माझी अजूनही नजर आहे.

त्याच संध्याकाळी म्हातारीला रोह्यात दवाखान्यात नेलं. सलाईनच्या बाटल्या चढल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मुलाने दुपारसाठी ओळखीची एक बाई पगारावर ठेवली, खाटेशेजारी लघवी-संडासासाठी भांड्याची खुर्ची आणली. तांब्या आता उशाशी असतो.

मी महिन्यातून एकदा जाते. मी दारात दिसले की म्हातारी आधी चादर चाचपते. "सुकी हाय गो," मला सांगते. भिजली तरी चालते आजी, कोणी नेणार नाही, हे मी सांगून थकले. मी पेणची नाहीच, नागोठण्याची, अशी थापही मारून पाहिली. पटत नाही तिला. माझ्यापेक्षा संशयी निघाली. मी बसलेली असेपर्यंत ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही.

"तुम्ही गेलात की मागते," मुलगा मला अंगणात हळूच म्हणाला. "दोन-दोन बश्या पिते."

म्हणून त्या एका घरात मी चहा मागत नाही. उंबऱ्यातूनच ओठ बघते, तांब्या बघते, दुपारच्या बाईला दोन प्रश्न विचारते. मग तिला ऐकू जावं म्हणून चपला जोरात आपटून घालते आणि मोठ्याने म्हणते, "येते हं आजी, चालले मी!" अंगण ओलांडेपर्यंत आतून आवाज येतो, "गेली काय रं? चाय टाक."

मग मी नाक्यावर जाऊन माझा चहा पिते.