एस्तरमावशी आणि आमची मोडलेली गाडी

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावलेल्या सूचना सगळे चालता चालता वाचतात. एस्तरमावशी थांबून वाचत. चष्मा कपाळावर चढवून, कागदाला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन, शेवटच्या ओळीपर्यंत. मग थेट सेक्रेटरीच्या दाराची घंटा वाजवत. "‘जल आपूर्ति बाधित रह सकती है’, मतलब? पानी आएगा या नहीं आएगा?" बिचारा सेक्रेटरी चहाचा कप हातात धरून दारात उभा राही. मावशींना उत्तर मिळाल्याशिवाय त्या दारातून हलत नसत आणि उत्तर मिळाल्यावर एक क्षणही थांबत नसत.

एस्तर गायकवाड मूळच्या नगरच्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्या अनुवादक होत्या. इंग्रजी परिपत्रके हिंदीत आणण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षे गेली. नवरा डेव्हिड बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हते. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या इमारतीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी आणि माझी बायको मेधा त्यांना मावशी म्हणायचो. नाताळात त्यांच्याकडून करंज्या येत. त्या करंज्या फोडायला जोर लागे, पण मावशी स्वतः समोर बसून "कशा झाल्यात?" असे विचारत, त्यामुळे खाव्या लागत. आमची मुलगी ईरा दिल्लीतच वाढलेली. "मम्मीने मला डांटलं," असे ती म्हणाली की मावशी तिला जवळ ओढत. "‘रागावली’ म्हण गं. चांगला शब्द आहे, वाया कशाला घालवतेस?"

माझी नोकरी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. इतक्या लांब मी रोज माझ्या जुन्या डिझेल गाडीने जात असे. जानेवारीतल्या एका सकाळी धुक्यात पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक लावला, गाडी थांबलीही. पण मागून आलेल्या टेम्पोला काही दिसले नाही. त्याने मला ट्रकखाली ढकलले. लोकांनी दरवाजा कापून मला बाहेर काढले. उजवा पाय मोडला होता. "पाय तरी आहे," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मेधा पहिल्यांदा रडली.

वर्कशॉपवाल्यांनी गाडी पाहून हात वर केले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जात होता. विम्याच्या भाषेत गाडी ‘टोटल लॉस’ झाली होती. पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते, म्हणून मी निश्चिंत होतो. मग विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. पॉलिसीवर गाडीची जी किंमत लिहिली होती, तिच्या निम्म्याहूनही कमी रक्कम ते देणार होते. वर मोडलेली गाडी आमच्याच गळ्यात. ती आम्ही भंगारवाल्याला विकायची. "सम्मति पत्र भेज रहा हूँ सर, साइन कर दीजिए, हफ़्ते भर में पैसा खाते में."

संमतिपत्र आले. मेधा माझी सही घ्यायला पेन आणत होती. वर्कशॉपवाले गाडी ठेवायचे रोजचे भाडे लावत होते, माझी भरपगारी रजा संपत आली होती, आणि पाय बरा झाल्यावर मानेसरला जाणार कसा, हा प्रश्न होताच. नेमक्या त्याच वेळी मावशी माझ्यासाठी बोकडाच्या पायांचे सूप घेऊन खाली आल्या. त्यांनी सूप टेबलावर ठेवले आणि संमतिपत्र उचलले. चष्मा कपाळावर गेला.

"‘पूर्ण व अंतिम’. म्हणजे यानंतर तुला तोंड उघडता येणार नाही, हे कळलं ना?"

"हो मावशी."

"आणि ही रक्कम कुठून आली?"

"त्यांनी काढली असेल काहीतरी हिशोबाने."

"अच्छा. काहीतरी. म्हणजे?"

मावशींनी पॉलिसी मागितली आणि ती घेऊन वर गेल्या. सूप पातळ होते आणि त्यात मीठ नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मेधाला घेऊन मेट्रोने कंपनीच्या ऑफिसात गेल्या. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या अंगाला ते ऑफिस होते. तिथे जे झाले ते मेधाने मला इतक्या वेळा सांगितले आहे की मी तिथे नव्हतो, हेच मी कधी कधी विसरतो. क्लेम बघणारा अधिकारी तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने पाणी मागवले आणि समजावून सांगितले, "मैडम, डीज़ल गाड़ी है। दस साल बाद दिल्ली में चलती ही नहीं। दो साल में वैसे भी कबाड़ होनी थी। आजकल कोई इसका भाव नहीं देता।"

मावशींनी पॉलिसी त्याच्यासमोर ठेवली. "जब आपने यह क़ीमत लिखी, तब गाड़ी दिल्ली की थी?"

"जी."

"डीज़ल की थी?"

"जी मैडम, पर..."

"और प्रीमियम इसी क़ीमत पर लिया?"

मग त्याने दुसरी बाजू धरली. मोडलेल्या गाडीला भंगारात चांगली किंमत येते, म्हणून तेवढी रक्कम वजा केली आहे. मावशी चटकन म्हणाल्या, "इतना अच्छा दाम मिल रहा है तो कबाड़ आप रखिए। हमें नहीं चाहिए।" मेधा सांगते, की शेजारच्या टेबलावरची बाई हे ऐकून खाली मान घालून हसली. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागून, ती मागितल्याची पोच घेऊनच मावशी तिथून उठल्या.

माझा मेहुणा नितीन गुडगावहून भेटायला आला तेव्हा त्याने वेगळाच सल्ला दिला. "दाजी, ते लोक कमी देतायत ना? मग आपण वाढवून सांगायचं. नवी म्युझिक सिस्टिम होती म्हणा, सीट कव्हर लेदरची होती म्हणा. यार, सगळेच करतात."

मावशी तिथेच बसल्या होत्या. "होती का?" त्यांनी विचारले.

"नव्हती, पण..."

"मग नव्हती. जेवढं आपलं आहे तेवढं पूर्ण घ्यायचं. जे नाही त्याला हात लावायचा नाही. खोटं मिसळलं की मला भांडता येत नाही, बाबा. माझा आवाज बसतो."

हे त्यांनी पुढे करूनही दाखवले. आमच्या तक्रारीवरून सर्वेअर पुन्हा गाडी पाहायला वर्कशॉपमध्ये आला. मावशी आणि मेधा हजर होत्याच. गाडीत स्टेपनी नव्हती. सर्वेअरने लिहिले, की अपघातानंतर चोरीला गेली असावी. मावशी म्हणाल्या, "नहीं, वह पहले से नहीं थी. पंचर हुई थी, घर पर पड़ी है." मेधाने त्यांचा पदर ओढला. सर्वेअरने मान वर करून मावशींकडे नीट पाहिले. त्यानंतर त्याने गाडीची प्रत्येक बाजू त्यांना दाखवून, समजावून लिहिली. गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसिसच वाकली आहे, ही गाडी कोणी दुरुस्त करून विकणार नाही, तिला भंगाराचा भावही फारसा येणार नाही, असे त्याने स्वतःच अहवालात घातले.

तरीही कंपनी हलेना. फोन केला की ‘फाइल ऊपर गई है’ हे एकच उत्तर. मावशींनी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिले, आणि तिथे निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जाऊ, हेही शेवटी साध्या शब्दांत लिहिले. आठवडे जात होते. पायाचे प्लास्टर निघाले, पण पाय जमिनीवर टेकला की कळ डोक्यात जायची. एके दुपारी मी मावशींना म्हणालो, "जाऊ द्या मावशी. देतायत तेवढे घेऊन टाकतो. खूप केलंत तुम्ही."

त्या रागावतील असे मला वाटले होते. त्या नुसत्या माझ्या पलंगाशेजारी बसल्या. "गाडी तुझी आहे, सोडायची तर सोड. पण मला एवढं सांग, पटलं म्हणून सोडतोयस की दमलास म्हणून?"

"दमलोय."

"बिल्कुल खरं बोललास. मग आज झोप. दमलेल्या माणसाने सही करू नये."

कंपनीचा फोन आला तो आम्ही आशा सोडल्यावर. तोच तरुण अधिकारी होता. पॉलिसीवरची किंमत, त्यातून फक्त पॉलिसीतच ठरलेली किरकोळ वजावट, आणि मोडलेली गाडी कंपनी उचलून नेणार. "मैडम को मेरा नमस्ते कहिएगा," असेही तो म्हणाला. मेधा धावत वरच्या मजल्यावर गेली. मावशींनी बातमी ऐकली, "लेखी आलं का?" एवढेच विचारले आणि लेखी येईपर्यंत पेढा खायला नकार दिला.

त्या पैशांत मी एक जुनी पण धडधाकट पेट्रोल गाडी घेतली. मावशींना काय द्यावे, ते आम्हाला सुचत नव्हते. साडी नको, जेवण नको. शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, "मला गाडी चालवायला शिकव." सत्तरीला टेकलेली बाई हे म्हणते आहे, यावर मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आठवड्याभरात शिकाऊ लायसन्स काढून आल्या.

दर रविवारी सकाळी आम्ही सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात जाऊ लागलो. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची. एकदा गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी ती पुन्हा सुरू केली नाही. स्टीअरिंगवर हात ठेवून समोर पाहत म्हणाल्या, "डेव्हिड रिंग रोडवर गेला. स्कूटरवर होता. नंतर लोक कागद घेऊन आले. इथे सही करा, तिथे सही करा. कशाचे पैसे, किती, बरोबर की चूक, मी काही पाहिलं नाही. दिवसभर ऑफिसात कागद वाचणारी बाई मी, अजित. पण तेव्हा मला एकही शब्द वाचता येत नव्हता. डोळ्यांपुढे नुसत्या मुंग्या." त्या पुढे म्हणाल्या, "तू पडून होतास, मेधा घाबरलेली होती. कोणीतरी वाचायला हवं होतं."

मग त्यांनी किल्ली फिरवली.

पुढल्या वर्षी त्या नगरला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच झोपेत गेल्या. बहिणीने कळवले तेव्हा ईराने विचारले, "मावशी आजी वारली?" हिंदी न मिसळता, बरोबर मराठी शब्द तिने वापरला. मेधा आत निघून गेली.

मला मात्र दिल्लीतला त्यांचा शेवटचा रविवार आठवतो. मैदानात पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, "आज तू खाली उतर." मी काठी घेऊन उतरलो आणि झाडाखाली उभा राहिलो. गाडी हलली, या वेळी उडी न मारता. मैदानाच्या टोकाला शाळेची भिंत होती, तिच्यामागे वळून ती दिसेनाशी झाली. मग भिंतीच्या दुसऱ्या बाजूने ती संथपणे बाहेर आली. मावशी ताठ बसल्या होत्या, हनुवटी वर, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मी हात हलवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या समोरून गाडी तशीच पुढे नेली आणि दुसऱ्या फेरीला निघून गेल्या.