दोन पावलांची सावली

विहिरीवरची चामड्याची मोट फाटली की जवळा बाजारच्या आसपासच्या पाच गावांत एकच नाव निघायचं, संतरामचं. त्याच्या हातची शिवण तीन उन्हाळे थेंब गळू देत नसे. त्या मोटेचं पाणी सगळा गाव घटाघटा प्यायचा, आणि ती शिवणारा मात्र विहिरीपासून दहा हात लांब उकिडवा बसून ओंजळ पुढं करायचा. ही रीत कुणी पाडली असं विचारलं की लोक आभाळाकडं बघत. तरी संतराम विचारायचाच, आणि तडकून विचारायचा. शाळेनं त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगात हमाली करताना एका मुकादमाच्या मागं लागून तो अक्षरं शिकला. बाजारातून गूळ आणला तर पुडीचा कागदसुद्धा वाचून, सरळ करून ठेवायचा. असल्याच पुड्यांतून भूगोलाच्या पुस्तकाची नऊ पानं त्याच्या घरात आली होती.

हा माणूस खोटं बोलणार नाही, एवढं मात्र त्याला शिव्या देणारेही मानत. म्हणून एकोणीसशे एकोणचाळीसच्या चैत्रात किसनराव आणि त्याची विधवा भावजय शकुबाई यांच्या सामाईक विहिरीची पाळी ठरली, तेव्हा साक्षीला संतरामला बोलावलं. सकाळची मोट किसनरावाची, दुपारनंतरची शकुबाईची. पण दुपार झाली हे ठरवायचं कशावरून? गावात घड्याळ नव्हतं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तसा संतराम उघड्यावर उभा राहिला आणि त्यानं आपली सावली आपल्याच पावलांनी, टाचेला चवडा लावत मोजली. बराबर दोन पावलं भरली.

"ठरलं," तो म्हणाला. "सावली दोन पावलांवर आली की किसनरावांनी बैल सोडायचे."

वैशाखात किसनरावाला वाटायला लागलं, आपले बैल लवकरच सुटून राहिले. त्यानं तसं बोलून दाखवलं. संतरामनं त्याला तिथंच उडवून लावलं. "शब्द म्हंजे शब्द, मालक. दोन पावलं म्हंजे दोन पावलं." किसनराव हे विसरला नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, विहिरीवर पुन्हा मोटा चालू झाल्या. तिसऱ्या दिवशी शकुबाई संतरामच्या दारात आली.

"संतराम, माझी हळद वाळून राहिली. तीन दिस झाले, थेंब न्हाई. भावजी दिवस मावळेपतोर बैल सोडत न्हाईत."

"काहून?"

"म्हणतेत, सावली दोन पावलांवर आलीच न्हाई."

संतराम हातातली आरी टाकून उठला आणि डोक्यात राख घालूनच विहिरीवर गेला. किसनराव मोट हाकता हाकता हसला.

"या, या. मोजा. पाऊल तुमचं, सावली तुमची. शब्द म्हंजे शब्द, न्हाई का?"

संतरामनं मोजली. साडेपाच पावलं. जरा थांबून मोजली, साडेपाचच. मग सहा भरली, आणि तिथून ती लांबतच गेली. किसनराव खोटं बोलत नव्हता. माप खोटं ठरलं होतं, आणि माप संतरामचं होतं.

हे गिळायला त्याला वेळ लागला. तिकडं हळदीची पानं कडेनं पिवळी पडत चालली होती. आणखी आठ दिवस पाणी मिळालं नसतं तर गड्डे पोसले नसते, आणि शकुबाईचं वर्षाचं पीक तेवढंच होतं. संतरामनं विहिरीजवळ एक मेख ठोकली. दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तिच्या सावलीच्या टोकाला तो खडे ठेवत गेला. मग गुळाच्या पुड्यांची पानं काढली. पृथ्वीचा आस कललेला आहे, हे वाक्य त्यानं दहा वेळा वाचलं होतं. अकराव्या वेळी ते त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाटील तातेरावांना, किसनरावाला आणि शकुबाईला खळ्यावर बोलावलं. मळणीचे बैल अजून यायचे होते. ते ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, तिवडा, मधोमध उभा होता.

"पाटील, हा तिवडा म्हंजे सूर्य. आन किसनराव म्हंजे धरती."

"मीच काहून?" किसनराव म्हणाला.

"धरती जड असते म्हणून."

पाटलांनाही हसू आवरेना.

"मालक, मान मारुतीच्या देवळाकडं कलती ठेवा. कुठंबी गेलात तरी देवळाकडंच. आता सोताभोवती गिरक्या घेत तिवड्याला फेरा मारा. एक गिरकी म्हंजे एक दिवस-रात. एक फेरा म्हंजे एक वरीस."

किसनराव धडपडत निघाला. देवळाच्या उलट बाजूला आल्यावर त्याचा पटका तिवड्याकडं झुकला, तसा संतराम ओरडला, "थांबा! पटक्याकडचा मुलूख आपला. तो सूर्याकडं कलला. दर गिरकीला उजेडात जास्ती ऱ्हातो. दिवस मोठा, सूर्य डोक्यावर, सावली आखूड, दुपारच्या आधीच दोन पावलांवर येते. हा उन्हाळा."

अर्ध्या फेऱ्यानं पटका तिवड्यापासून लांब गेला.

"हा हिवाळा. गिरकीला वेळ तेवढाच लागतो, पण उजेडाचा वाटा कमी, अंधाराचा जास्ती. सूर्य खालूनच जातो. फाल्गुन सरल्याबिगर सावली दोन पावलांवर येत नसते."

किसनराव तिवडा धरून मटकन खाली बसला. तातेरावांनी विचारलं, "मग चूक कुणाची म्हणायची?"

संतराम पाटलांसमोर येऊन उभा राहिला.

"माझी. एका दिवसाचं माप घेतलं आन बारा म्हयन्यांना चढवलं. वैशाखात मालकांचा तासभर गेला, ती बी माझीच चूक. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई."

किसनरावानं चार टोमणे तयार ठेवले होते. तो एवढंच म्हणाला, "मग आता धरायचं काय?"

सगळे विहिरीवर गेले. संतरामनं खडे दाखवले. "दोन्ही दिवस सगळ्यात आखूड सावली ह्याच रोखानं पडली. दिवस लहान असू दे, मोठा असू दे, त्याचा मध्य हाच. लांबी मोजायचीच न्हाई." त्यानं मेखेतून आरपार रेघ ओढली.

"मेखेच्या दोन्हीकडं काहून?" शकुबाईनं विचारलं.

"जेठात सूर्य जरा उत्तरेकडनं जातो बाई. तवा दुपारची सावली उलटी पडते. रेघ तीच ऱ्हाते."

"वैनी, हिवाळ्यात तुमची दुपार आखूडच ऱ्हाईल हां," किसनराव म्हणाला.

"तुमची सकाळ बी तेवढीच आखूड, भावजी."

"आन माझा वैशाखातला तासभर?"

"तुमी पाच दुपारा दाबल्या, त्या मोजू का?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!"

सावली रेघेवर आली. किसनरावानं कुणी सांगायच्या आधी बैल सोडले. शकुबाईची जोडी जुंपली गेली, मोट भरून वर आली आणि पाटातून पाणी हळदीत शिरलं. दिवस कलला तोवर सहा सऱ्या भिजल्या होत्या. शकुबाई गाळात पाय रोवून सातवीचं तोंड फोडत होती.

बांधावरून तातेरावांनी विचारलं, "पुरलं का ग?"

"आज कुठलं पुरतंय," ती कुदळ न थांबवता म्हणाली. "पण उद्याची दुपार माझीच हाय."