ओकच्या फळ्यांना जवसाचं तेल

खामगावच्या मुलींच्या शाळेत मी कवायत आणि गाणं शिकवायला लागले तेव्हा शाळेचा मोठा हॉल सारवलेला होता. तिसरी-चौथीच्या मुली लेझीम खेळायला लागल्या की दहा मिनिटांत धूळ उठायची आणि निम्म्या मुली खोकत बाहेर पळायच्या. मी दोन वर्षं तक्रार करत होते. तिसऱ्या वर्षी कापसाच्या धंद्यातला एक विलायती एजंट गाशा गुंडाळून मायदेशी गेला. त्याच्या दिवाणखान्यात लाकडी फळ्यांची जमीन होती. शाळेच्या कमिटीवरच्या, कापसाची सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या एका शेटजींनी ती जमीन उचकटून चार बैलगाड्यांत घालून आमच्याकडे पाठवून दिली.

फळ्या बसवायला आलेले सुतार म्हातारे होते, साऱ्या गावात त्यांच्या हाताची दारं होती. त्यांनी एका फळीवर रंधा मारला, खाली पडलेला काप उचलला, उजेडात धरला आणि मला म्हणाले, "बाई, मले सागाचं समजते, बाभळीचं समजते. हे कोण्या देशाचं झाड हाय, मले काही मालूम नाही."

गाड्यांबरोबर आलेल्या माणसाने लाकडाचं नाव ओक सांगितलं होतं. तेवढीच आमची माहिती.

वरचं जुनं काळपट रोगण रंध्याने निघून गेलं आणि खालून गव्हासारखा रंग आला. पंधरा दिवसांत सगळा हॉल फळ्यांनी भरला. त्या संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींनी हौसेने सगळी जमीन ओल्या फडक्याने पुसली आणि लोखंडी बादली तिथेच विसरून घरी गेल्या. सकाळी बादली उचलली तर खाली निळं-काळं कडं उमटलेलं. जिथे जिथे खिळ्यांची डोकी ओली झाली होती तिथेही काळे ठिपके.

मावशी रडायलाच लागल्या. सुतारबाबा म्हणाले, लाकूड आतून सडकं निघालं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. त्या पुण्याच्या, शिस्तीच्या आणि मनाने सरळ होत्या. फक्त माझ्या तोंडून चुकून 'मले' निघालं की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं, आणि ते मला दिसायचं.

मी खाली बसून एक काप उचलला आणि चावला. तुरट लागला, अगदी हिरड्यासारखा.

"बाई, लाकूड सडकं नाही," मी म्हणाले. "आमच्या घरी शाई करताना हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकायचे. पाणी काळंभोर व्हायचं. या लाकडात तसाच तुरटपणा आहे. ओलं लोखंड टेकलं, त्याची शाई झाली."

"मग शाई काढायची कशाने?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ते मला ठाऊक नव्हतं. पण आंबटाने शाईचे डाग फिके होतात, एवढं माहीत होतं. मी लिंबू म्हणणार, तेवढ्यात मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या घरी हरभऱ्याची आंब हाय. आणू का?" हिवाळ्यात हरभऱ्याच्या झाडांवर पहाटे जे दव पडतं ते धोतराच्या फडक्यात टिपून, पिळून बाटलीत भरून ठेवतात. पोट दुखलं की त्याचे चार थेंब देतात. दातांना झिणझिण्या येतील इतकं ते आंबट असतं. मावशींनी बाटली आणली. चिंधी बुडवून आम्ही दोघींनी ते कडं हळूहळू घासलं. दुपारपर्यंत काळ्याचं करडं झालं, दुसऱ्या दिवशी आणखी एक हात दिला आणि शोधल्याशिवाय दिसेना.

एवढं मात्र सगळ्यांना कळलं की या लाकडाला उघडं ठेवता येणार नाही. वर काहीतरी लावायलाच हवं. काय लावायचं, यावर मोठ्या बाईंचं आणि माझं जुळेना.

त्यांना पॉलिश हवं होतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात ते, खुर्च्या-कपाटांना असतं तसं. "एका दिवसात वाळतं, आणि कसं आरशासारखं दिसतं!" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, जवसाचं तेल. माझं माहेर पिंपळगाव राजाचं. वडलांची शेती होती आणि घरामागे बैलाचा घाणा. बैलगाडीच्या चाकांना, नांगराला, दाराच्या चौकटींना आमच्याकडे जवसाचंच तेल लावायचे, आणि आमची जुनी चौकट मी जन्मल्यापासून तशीच धड पाहत होते.

"अहो, तुमच्या गाडीच्या चाकावर मुली नाचत नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"खुर्चीवरही नाचत नाहीत, बाई," मी म्हणाले. बोलून गेल्यावर जीभ चावली, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असं करू. एक कोपरा पॉलिशवाल्याचा, एक तुमचा. मग बघू."

पॉलिशवाल्याने कापसाचा बोळा घेऊन सकाळी सुरुवात केली आणि तिसऱ्या प्रहरी त्याचा कोपरा चकाकायला लागला. त्यात खिडकीचे गज दिसत होते. मी माझा कोपरा शनिवारी दुपारी केला. घरून आलेलं तेल हात सैल सोडून ओतलं, चांगलं मुरावं म्हणून. माझी इतकी खात्री होती की मी मोठ्या बाईंना सांगून टाकलं, सोमवारी या आणि चालून बघा.

सोमवारी त्या आल्या, चपला काढल्या आणि माझ्या कोपऱ्यात पाऊल टाकलं. पाऊल उचलताना चर्र आवाज झाला. तळवा चिकट, त्याला धूळ, आणि धुळीत दोन मेलेल्या मुंग्या. त्या ओल्या फडक्याने पाय पुसून वर्गावर गेल्या. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत.

माझे बाबा त्याच आठवड्यात बाजाराला खामगावला आले. मी त्यांना शाळेत घेऊन गेले. त्यांनी बोट टेकवून पाहिलं, बोटाचा वास घेतला.

"काय केलं वं हे तू? कच्चंच लावलं?"

"हो."

"आणि पुसलं नाही?"

"पुसायचं काऊन? लावलं ते पुसायचं?" त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची व्हायची.

"लाकूड पेते तेवढं त्याचं. बाकीचं वर राह्यते अन् चिकटते. तेल आधी कढवून घे. कोमट असताना लाव, पातळ. घंटाभर थांब, मंग गोणपाटानं असं घासून काढ, की हात फिरवला तर बोटाले तेल लागलं नाही पाहिजे. दोन दिवस जाऊ दे, मंग दुसरा हात." जाता जाता दारातून परत फिरले. "अन् त्या तेलाच्या चिंध्या ढीग करून नोको टाकू. आपोआप पेटतात. उन्हात पसरून वाळव."

मी चिकट तेल टर्पेंटाइनने खरवडून काढलं आणि त्यांनी सांगितलं तसं पहिल्यापासून केलं. तीन हात दिले. प्रत्येक हाताला गोणपाट घेऊन गुडघ्यांवर बसून घासलं. माझ्याबरोबर मावशीही बसल्या. चिंध्या शाळेच्या कुंपणावर एकेक करून वाळत घातल्या. दहा दिवसांनी कोपरा कोरडा झाला. चकाकत नव्हता, उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा शांत, गडद दिसत होता.

निवाडा कसा करायचा हे मी ठरवून ठेवलं होतं. चौथीतल्या फुगडी खेळणाऱ्या चार मुली बोलावल्या. एक जोडी पॉलिशवर, एक तेलावर. "जोरात घ्या," मी म्हणाले. पॉलिशवरच्या जोडीने तीन गिरक्या घेतल्या आणि चौथीला दोघींचे पाय एकदम सुटले. दोघी बसकण मारून पडल्या. लागलं नाही, त्या हसत सुटल्या. तेलावरची जोडी फिरत राहिली. वेण्या सरळ आडव्या झाल्या, मी थांबवलं म्हणून थांबल्या.

"जोड्या बदला," मोठ्या बाई म्हणाल्या. बरोबरच होतं ते. पडलेल्या मुली तेलावर आल्या आणि घुमल्या. दुसऱ्या दोघी पॉलिशवर जपून, पंजे रोवून खेळल्या, तरी एकीचा पाय घसरलाच. मग मोठ्या बाईंनी स्वतः तांब्यातलं पाणी दोन्हीकडे सांडलं आणि मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहिलं. पॉलिशवर पांढरा डाग पडला होता. तेलावरचं पाणी मावशींनी पुसलं तसं निघून गेलं.

"पावसाळ्यात ओल्या पायांनी येणार या," मोठ्या बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सगळा हॉल तेलाचा करा. दिवाळीच्या सुट्टीत. आणि मला सांगा कधी सुरू करताय, मीही येईन."

त्या खरंच आल्या. पदर खोचून, गोणपाटाचा तुकडा हातात घेऊन आमच्या रांगेत बसल्या. सुतारबाबा, मावशी, मी आणि त्या. कढवलेल्या तेलाचा वास आठवडाभर शाळेबाहेर रस्त्यापर्यंत येत होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला फोड आले आणि त्यांनी विचारलं, "तुमचे वडील एकटे करतात हो हे सगळं?" मी हो म्हणाले. त्या दिवसापासून त्या माझ्या बाबांची चौकशी नावाने करायला लागल्या.

सुट्टीनंतर कमिटीची मंडळी जमीन पाहायला आली. त्यातले शेटजी दारातच थबकले. "एवढं विलायती लाकूड, आणि चमक काहीच नाही?" ते नाराजीने म्हणाले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मोठ्या बाई पुढे झाल्या. "शेटजी, इथे मुलींनी पळायचं आहे," त्या म्हणाल्या. "चपला काढून आत या, म्हणजे कळेल."

शेटजींनी जोडे काढले, आत आले, दोन पावलं टाकून टाच फिरवून पाहिली आणि पसंतीने मान डोलावली. तेवढ्यात तासाची घंटा झाली. चौथीच्या मुली लेझीम घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मी मंडळींना बाजूला व्हायला सांगितलं.