ओढून बघणारे नागोजी मिस्त्री

नागोजी मिस्त्री पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, तेव्हा त्यांनी चहा मागितला नाही. ते माझ्या छपराला लोंबकळले.

खोटं नाही सांगत. कुंभारवाड्याच्या फाट्यावर माझं चहाचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत संसार. दुकानातच भिंतीकडच्या वाशाला मी मंगलची झोळी बांधली होती. पोर अजून रांगतही नव्हती. चुलीजवळून एक डोळा तिच्यावर ठेवता यावा म्हणून तिथं. एके सकाळी पन्नाशीतला एक काटक माणूस आत आला. त्यानं झोळीकडं बघितलं, वाशाकडं बघितलं आणि म्हणाला, "पोर उचल जरा." का म्हणून विचारायचं मला सुचलं नाही, आवाजच तसा होता. मी मंगलला उचललं. त्यानं दोन्ही हातांनी वासा धरला आणि पाय वर घेतले. वासा कर्रकन बोलला, भिंतीकडून निखळून हातभर खाली आला, आणि चार कौलं माझ्या कपबश्यांवर.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. "चहा प्यायला आलायसा का घर पाडायला?" इथपासून सुरुवात करून मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. ते माझं संपेपर्यंत उभे राहिले. मग वाशाचं टोक माझ्यापुढं धरलं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. आत नुसती माती.

"तंगी, वरनं गुळगुळीत दिसतंय. आतनं वाळवीनं खाल्लंय. कायबी बांधायच्या आदी वडून बघावं."

तंगी म्हणजे आमच्याकडच्या कन्नडात धाकटी बहीण. पोर रोज त्या झोळीत झोके घेत होती. त्यांनी मधली तुळई निवडली, तिलाही लोंबकळून बघितलं, झोळीची गाठ स्वतः मारली, वर चढून कौलं सारखी केली आणि मगच चहा मागितला. त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणायला लागले.

काळी नदीच्या खोऱ्यातून तेव्हा विजेची मोठी लाईन चालली होती. जंगल तोडून, डोंगराच्या सोंडेवर एकेक टॉवर उभा राहत होता. ते चढून लोखंड जोडणाऱ्यांना खलाशी म्हणत. अण्णा त्या खलाशांचे मिस्त्री, आणि आमचे मालक, म्हणजे माझा नवरा सिद्राम, त्याच टोळीत नवे लागले होते.

ओढून बघायची अण्णांना खोडच होती. बाकड्यावर बसायच्या आधी बाकडं हलवणार, पिशवी अडकवायच्या आधी खिळा ओढणार. जोयड्याच्या बसमध्ये चढले की आधी वरचा दांडा दोनदा हिसडायचे. कंडक्टर म्हणायचा, "मिस्त्री, गाडी सरकारची हाय, थोडी ठेवा आमाला." हे ते कुणा साहेबाकडून शिकले नव्हते. उळवीच्या वाटेवरच्या एका वाडीत ते वाढले, आणि लहानपणी मधासाठी उंच झाडं चढले. "वाळल्यालं झाड लई सरळ दिसतंय," ते म्हणायचे, "त्येच्यावर भरोसा ठिवनारा बी सरळच खाली येतोय."

टॉवरवर चढणाऱ्याच्या कमरेला जाड पट्टा असायचा. पट्ट्याला दोन दोर, आणि दोराच्या टोकाला एकेक लोखंडी हुक. हुकाच्या तोंडावर स्प्रिंगची पट्टी असते, तिला सगळे जीभ म्हणत. लोखंडावर हुक दाबला की जीभ आत जाते आणि परत येऊन तोंड बंद करते. तेव्हा टक् असा आवाज होतो. अण्णांचा सगळा धर्म त्या टक् मध्ये होता. पुढचा हुक लागल्याचा आवाज आल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. रोज सकाळी ते प्रत्येकाचा हुक स्वतःच्या कानाशी धरून वाजवून बघत. बायका नारळ वाजवून घेतात, तसंच.

मालकांना हे सगळं म्हणजे कटकट वाटायची. चढायला टॉवरच्या पायाला बोल्ट बसवलेले असतात. मालक हुक त्या बोल्टलाच अडकवायचे, कारण ते सोपं. एकदा अण्णांनी ते बघितलं. ओरडले नाहीत. मी नुकताच डबा घेऊन गेले होते, तो माझ्या हातातून घेतला, दोरीला बांधला, दोरीचा हुक डोक्याएवढ्या उंचीवरच्या बोल्टला लावला आणि दोरी जरा हलवली. हुक बोल्टवरून घसरला. डबा दगडावर आपटला आणि भात-आमटी सगळी मातीत.

"दाजी, ह्यो तू," अण्णा म्हणाले. मी तंगी, म्हणून मालक दाजी. पण राग आला की तो शब्द जरा जास्तच गोड व्हायचा. "बोल्ट पाय ठेवायला. हुक लावायचा त्यो आख्ख्या लोखंडाला वेढा घालून." त्या दिवशी मालक उपाशी राहिले. माझी मेहनत मातीत गेली म्हणून मी अण्णांवर चिडले, हेही खरं.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. टोळीनंही केली. पट्टे, हुक, कप्प्या, पाने, सगळं गोणपाटावर मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. अण्णांनी डोळे मिटून नारळ फोडला. आणि दसरा झाल्यावर, कामाच्या पहिल्या सकाळी, त्याच हातांनी सगळे हुक रॉकेलनं धुऊन काढले. कुंकू, तेल, फुलाची पाकळी, काही ठेवलं नाही. एकदोघं कुरकुरले. अण्णा म्हणाले, "पूजा झाली की. आता देवीचं देवीपाशी, लोखंडाचं लोखंडापाशी."

पण माझ्या सासूबाईंनी सातेरीच्या देवळातून लाल दोरा आणून दिला होता. वर जाणाऱ्या लेकाच्या हुकाला बांध, देवी धरून ठेवेल, असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळी अण्णांनी हुक तपासला तेव्हा मालकांनी दोरा खिशात ठेवला होता. टॉवरच्या पायथ्याशी गेल्यावर एका हुकाला घट्ट गुंडाळला, पार जिभेच्या मुळापर्यंत. नमस्कार केला आणि चढले.

दुपारी मी मंगलला कडेवर घेऊन डबा आणि चहाची किटली घेऊन गेले. मालक वर, टॉवरच्या आडव्या हाताच्या टोकाला, एकटेच. खाली अण्णा आणि दोघं, लोखंड वर ओढायचा दोर धरून. बाकीची टोळी दरीपलीकडच्या टॉवरवर. मालकांनी पुढच्या जोडाचा बोल्ट आवळायला एक हुक सोडला आणि दुसऱ्यावर भार टाकून मागं रेलले. पाय घसरला. माझ्या डोळ्यांदेखत ते खाली आले आणि दोराला हिसका बसून हवेत लटकले.

मला वाटलं, वाचले. अण्णा मात्र कपाळावर हात धरून वर बघत होते. त्यांना तो लाल दोरा दिसला होता. दोरा जिभेखाली अडकला होता, हुकाचं तोंड उघडंच राहिलं होतं. नुसत्या वजनानं तो लोखंडावर टिकून होता.

"सिद्राम," अण्णांनी हाक मारली, "हलू नगंस. वर चढाय बघू नगंस. भार हाय तसाच ठेव."

दुसरा हुक मालकांच्या कमरेला लोंबत होता. पण तो वर लावायचा तर अंग उचलावं लागणार, आणि अंग उचललं की पहिल्यावरचा भार जाणार. भार गेला की हुक निसटणार. हे मला शेजारच्या खलाशानं पुटपुटत सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

अण्णा पट्टा बांधून, एक दोरखंड खांद्यावर टाकून चढायला लागले. आणि चढले कसे? रोज चढत तसेच. एक हुक पुढं, टक्. मग मागचा सोडला. पाय वर. पुन्हा एक हुक पुढं, टक्. मी खालून ओरडले, "अण्णा, बिगीबिगी जावा की." त्यांनी खाली बघितलं नाही. एक हुक, टक्. मी रडले, शिव्या दिल्या, म्हटलं, तुमचा भाऊ असता तर असंच केलं असतं का? एकसुद्धा हुक त्यांनी चुकवला नाही. त्या वेळी तो माणूस मला वैऱ्यासारखा वाटला. मंगल माझं बघून रडत होती, आणि वरून पुन्हा तेच, टक्.

ते आडव्या हातावर पोचले. मालक ज्या लोखंडी पट्टीला लटकले होते तिला त्यांनी बोटही लावलं नाही. आतल्या जाड लोखंडाला आधी स्वतःला बांधलं. मग त्याच लोखंडाला दोरखंडाचा वेगळा वेढा घातला, पालथे पडून हात खाली सोडला आणि दोरखंडाचा हुक मालकांच्या पट्ट्याच्या कडीत लावला. हे करताना ते बोलत होते. मालकांनी नंतर सांगितलं, अण्णा विचारत होते, मंगलला दात आले का, काय खाते, रात्री झोपू देते का. आणि मालक उत्तरं देत होते.

दोरखंड हिसडून बघितल्यावर अण्णा म्हणाले, "आता ये वर."

मालकांनी अंग उचललं, आणि तो पहिला हुक कसलाही आवाज न करता निसटून खाली लोंबला. एवढा वेळ ज्यानं माझ्या नवऱ्याला धरलं होतं, तो असा.

दोघं उतरले. अण्णांनी मालकांचा हुक मांडीवर घेतला आणि तो दोरा सोडवायला लागले. सुरीनं कापता आला असता, कापला नाही. नखानं एकेक वेढा उलगडला, कपाळाला लावला आणि मालकांच्या मनगटाला बांधला.

"देवी माणसाला राखती, बाबा. हुकाचं तोंड बंद हाय का बघनं आपल्याकडं दिलंय तिनं."

माझा राग अजून गेला नव्हता. मी विचारलं, "मी एवढी ओरडत होते. जरा पळत चढला असतासा तर काय झालं असतं?"

"तंगी," ते म्हणाले, "मी पडलो असतो तर तुज्या नवऱ्याकडं कोन गेलं असतं?"

मी किटलीतला चहा ओतून दिला. बशी धरवेना त्यांना. चहा धोतरावर सांडला. तेव्हा मला कळलं, हा माणूस पायथ्यापासून टोकापर्यंत भ्यालेला होता, आणि त्या भीतीनं त्याचा एक हुकसुद्धा चुकवला नव्हता. मी शंकरापुढं वाकले नसेन इतकी त्यांच्या पायाशी वाकले. "चहा थंड होतोय," एवढंच ते म्हणाले.

लाईन पुढं गेली, टोळी पुढं गेली, मालक तिच्याबरोबर. मी दुकान सांभाळलं. ते महिन्यामहिन्यानं यायचे आणि मी त्यांच्या पिशवीआधी पट्टा तपासायची. पुढं अण्णांनी काम सोडलं आणि आपल्या वाडीत राहिले. मंगलचं लग्न ठरत होतं त्या वर्षी उळवीच्या बसच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, मिस्त्री गेले. कसे, म्हणून मी घाबरून विचारलं. "कसे म्हंजे? जेवले, झोपले, उठले न्हाईत."

बाराव्याला आम्ही दोघं गेलो. टॉवरच्या धंद्यात म्हातारी माणसं फार बघायला मिळत नाहीत. खलाशाच्या घरी जावं तर भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, तोही मिसरूड फुटलेल्या पोराचा. अण्णांच्या अंगणात मी पाऊल ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. खानापूरकडचे, बेळगावकडचे, इथले वाडीवाडीचे, त्यांच्या हाताखाली चढलेले खलाशी मांडवभर बसले होते. कुणी काठी घेऊन, कुणी नातवाला मांडीवर घेऊन. बघावं तिकडं पांढरी डोकी.

मालकांनी चपला काढल्या आणि त्यांच्यात जाऊन बसले. त्यांच्या कानाजवळ पांढरे केस केव्हा आले, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.