‘दार’ या शब्दाखालचं वाक्य

उत्तरा केळशीकर हेगमध्ये दुभाषी होती, आणि दिवसातले सहा-सात तास ती उत्तरा नसायचीच. दचकू नका, त्या कामाची रीतच तशी. मंत्री ‘मी नाराज आहे’ म्हणाले, तर दुभाष्याने ‘ते नाराज आहेत’ म्हणायचं नाही. आपणही ‘मी नाराज आहे’ असंच म्हणायचं. सत्तावीस वर्षं ही बाई कधी राजदूत, कधी कांद्याच्या बियाण्यांवरून चिडलेला सचिव होऊन हिंदीतून डचमध्ये आणि डचमधून हिंदीत ये-जा करत राहिली. बैठक संपली की टिपणांची पानं फाडून टाकायची, हीसुद्धा रीत. रायस्वाइकच्या घरी परतली की नवरा, यतीन, विचारायचा, "आज कोण आहेस गं?"

"कुणी नाही. चहा टाक," ती म्हणायची.

युरोपातल्या जिप्सींच्या, रोमानी भाषेचं वेड तिला एका परिषदेत लागलं. सुट्टीत कुणीतरी माइक चालू ठेवला होता, आणि तिच्या हेडफोनमध्ये एक माणूस कॉफीचे कप मोजत होता. येक, दुय, त्रिन, श्तार... अगंबाई! उत्तरा डोळे मिटून ऐकत बसली. हजारेक वर्षांपूर्वी आपल्या बाजूने निघालेली माणसं, चालतायत, चालतायत, आणि जाताना मोजणं तेवढं पदराला बांधून नेलंय. त्या दिवशी सुट्टीनंतरचं पहिलं वाक्य तिने चुकवलं. तेवढंच एक, पण ती ते अजून सांगते.

मग पुस्तकं झाली, विद्यापीठातला प्रबंध झाला, आणि अखेर नायमेखनच्या पलीकडे, नदीकाठच्या फिरत्या घरांच्या वस्तीत तिला एक म्हातारी भेटली. तिला सगळे बीबी म्हणत, म्हणजे आत्या किंवा मावशी. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. का, ते कळेलच. आपली भाषा परक्यांना द्यायची नाही, असा त्या घराण्याचा नियम. बीबीने मात्र उत्तराला पाणी, नाक, कान मराठीत म्हणायला लावलं आणि खो खो हसली. "तुझ्या तोंडात निम्मी आधीच आहे. उरलेली दिली तर कुणाचं काय जातंय?"

अकरा वर्षं, दर शनिवारी. गाडीच्या खिडकीबाहेर धुक्यात गाई तरंगायच्या, कालवे वर आहेत की आकाश खाली ते कळायचं नाही, आणि उत्तराच्या डोक्यात मराठी, डच, रोमानी एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगायच्या. तिथे गेल्यावर रेकॉर्डर लावायचा, शब्दकोशासाठी एक शब्द विचारायचा, आणि बीबीने त्याचं वाक्य करून द्यायचं. सरळ वाक्य देईल ती बीबी कसली! ‘घोडा’ विचारलं की बापाने विकलेला घोडा यायचा, ‘मीठ’ विचारलं की सासू. अशी चार हजार वाक्यं जमली. शब्दकोशाला दोन अक्षरं कमी होती, तेवढ्यात बीबी गेली.

आठवड्याने तिच्या मुलाचा, झोनीचा, फोन आला. त्याने डच बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून मायलेकांत चौदा वर्षं अबोला होता. तो वाखनिंगनला हरितगृहात काम करायचा. तो शांतपणे म्हणाला, "गेलेल्या माणसाचं आम्ही काही ठेवत नाही. नाव घेत नाही, वस्तू जाळतो. तिचा आवाज तुझ्याकडे आहे."

उत्तराने टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं!

"अगं, एक कॉपी ठेव ना," यतीन कळवळून म्हणाला. "त्यांना कुठे कळणारे?"

"मला कळेल ना!" ती त्याच्यावर खेकसली, आणि मग रडली. दोन दिवस ती जेवली नाही धड. शेवटी सगळ्या ड्राइव्ह, सगळ्या वह्या तिने कापडी पिशवीत भरल्या. कॉपी ठेवली नाही.

नदीकाठी पिंपात आग पेटवलेली होती. बीबीचं अंथरूण, स्कार्फ, खुर्ची जळून गेली होती. झोनीने ड्राइव्ह हातोडीने फोडल्या आणि वह्या एकेक करून आत टाकल्या. उत्तरा हात पाठीमागे बांधून उभी होती. शेवटच्या वहीशी तो थांबला. पिंपाकडे बघतच त्याने विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलली?"

"आवाज ऐकायचा होता का तुला?"

"छे, तो चालत नाही."

उत्तराला ‘दार’ आठवलं. रोमानीत वुदार. तिसऱ्या वर्षातला तो शनिवार आठवला, बीबीच्या मांडीवरचे सोलायचे बटाटे आठवले. आपण हे सांगावं का, असा प्रश्न तिला पडला. पण बीबी तेव्हा बजावून म्हणाली होती, ‘हे लिही. कुणीतरी वाचेल.’

तिने घसा साफ केला. कामावर उभी राहते तशी ती ताठ उभी राहिली, आणि रोमानीत, बीबीच्या शब्दांत म्हणाली, "झोनी गेला त्या दिवशी मी दार लावून घेतलं. पण कडी लावली नाही. चौदा वर्षांत एकदासुद्धा लावली नाही."

"मी," ती म्हणाली होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्दावर तिचा आवाज फाटला. आणि आकडाही तिने तिथल्या तिथे बदलला होता. वाक्य सांगितलं तेव्हा अबोल्याला सहाच वर्षं झाली होती. दुभाष्याने असं करू नये.

झोनीने वही आगीत टाकली. मग तो तिच्याकडे वळला, आणि परक्यांसमोर कधीही न बोललेल्या भाषेत, लहान मुलासारखा, बोलत सुटला. आई, असं म्हणाला, आई, मी दोनदा आलो होतो, कोपऱ्यापर्यंत आलो होतो.

हे पलीकडे नेऊन कुणाला सांगायचं, म्हणून सवयीने उत्तराने मान वळवली. पलीकडे कुणी नव्हतं. म्हणून मग तिनेच ते ऐकून घेतलं.